बाभळीचा हात

नगर जिल्ह्यात दहा दिवस हिंडून परवा घरी आलो. आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंत? किल्ला पाहिला असेल, चांदबिबीचा महाल पाहिला असेल, असं त्यांना वाटतं. मी त्यातलं काहीच पाहिलं नाही. मी बांगड्यांची सात दुकानं पाहिली, एका सुताराच्या पडवीत पाच दिवस बसून काढले आणि एक लाकडी हात घेऊन परत आलो. त्यातलं मला कळलं किती, हे कुणी विचारू नये. लिहून काढलं तर थोडंफार उलगडेल, या आशेनं लिहायला बसलो आहे.

मी पुण्यात एका बांगड्यांच्या घाऊक पेढीवर तीन महिन्यांपासून कामाला आहे. त्याआधी शाळांतून बदली ड्रॉइंग मास्तर होतो. म्हणजे कायमचे मास्तर आजारी पडले की मी चित्रं शिकवायचो आणि ते बरे झाले की घरी बसायचो. आमच्या शेठजींनी मुंबईत एका मोठ्या दुकानात परदेशी रबराचा हात पाहिला. त्यात बांगड्या घालून ठेवल्या होत्या आणि बायका काचेला नाक लावून बघत होत्या. झालं, शेठजींना तो हात रात्रंदिवस दिसू लागला. रबराचा परवडणारा नव्हता, म्हणून लाकडाचा. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "नगरकडची आपली सात दुकानं बघ, मापं घे, मांडणीचे आराखडे काढ आणि लाकडी हात कोण करतो ते शोध. पुढच्या शनिवारी मी काष्टीच्या बाजाराला येतो. तिथला तात्या कासार आपलं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. पहिला हात त्याच्या दुकानात दिसला पाहिजे." तो पसंत पडला तर मला कायम करणार होते. नाही पडला तर काय, ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

सुताराला दाखवायला चित्र हवं. घरात बाईमाणूस म्हणजे एक आईच. ती कणीक मळत होती. उजवा हात पिठात होता, म्हणून तिनं डावा पुढं केला आणि पोळपाटावर ठेवला. "कशाला रे?" म्हणाली. मी म्हटलं, "नमुन्याला." वरून, बाजूनं आणि तळव्याकडून अशी तीन चित्रं काढली. तिची करंगळी वाकडी आहे. लोकांच्या चार घरी पोळ्या लाटायला जाते, तिथंच एकदा ओल्या फरशीवर पडली होती. मास्तरकी अंगात असल्यामुळे मी करंगळी होती तशी वाकडी काढली.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं लक्षात येणार नाही. मी चार वर्षांचा असताना वडील गेले. मला बहीण नाही. आमच्या घरात तेवीस वर्षांत बांगडी वाजलेली नाही. बांगड्यांच्या पेढीवर मला मापं पाठ होती, सव्वादोन, अडीच, पावणेतीन. पण बांगडीचे रीतिरिवाज काय असतात, हे मला शेजारच्या घरातल्या सणासारखं लांबूनच माहीत होतं.

नगर

गुरुवारी नगरला उतरलो. पहिलंच दुकान चांगलं मोठं निघालं. काचेचं कपाट होतं, आत बांगड्यांच्या रांगा लावलेल्या होत्या. मला वाटलं, इथं आपलं काम अर्धं झालं. तासभर कोपऱ्यात बसून पाहिलं. येणारी प्रत्येक बाई कपाटातल्या बांगडीवर बोट ठेवायची आणि म्हणायची, "ही, पण ह्यातली नको. आतली काढा." मग मालक मागच्या खोक्यातून अगदी तशीच बांगडी काढायचा. मी त्यांना विचारलं, मांडलेल्या बांगड्यांत वाईट काय असतं? ते म्हणाले, वाईट काही नसतं, पण त्या सगळ्या गावानं पाहिलेल्या असतात. मी आराखड्याच्या वहीत 'काचेचे कपाट' असं लिहिलं होतं, त्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं. नगरातल्या आमच्या उरलेल्या तीन दुकानांतही हेच चाललं होतं.

दुपारी हात करणारा शोधायला निघालो. फर्निचरवाला सुतार म्हणाला, मी टेबलं करतो, खुर्च्या करतो, माणसं करत नाही. त्यानं मला एका मूर्तिकाराकडं पाठवलं. त्या गृहस्थांनी आदरानं बसवून घेतलं, गुळाचा चहा दिला आणि विचारलं, किती हात हवेत? मी म्हटलं, सात. ते बराच वेळ विचारात पडले. चार हातांची देवी असते, आठांची असते, अठराही असतात. सात हातांची देवी त्यांच्या पाहण्यात नव्हती. मी दुकानांचं सांगितल्यावर ते आणखीच गोंधळले आणि अंगाशिवाय नुसता हात घडवायचा नसतो, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

रात्री खानावळीत मिलो नावाच्या लाल परदेशी धान्याची भाकरी मिळाली. पाऊस नसल्यामुळे इकडं ज्वारीच दिसत नाही, सरकारी मिलोवर लोक दिवस काढताहेत. पुण्यात आम्ही रेशनच्या गव्हाला नावं ठेवतो. ही भाकरी तोडताना मला माझी लाज वाटली, आणि तरीही दुसरी भाकरी काही माझ्या घशाखाली उतरली नाही.

घोडेगाव

शुक्रवारी घोडेगावचा जनावरांचा बाजार. एसटीच्या कंडक्टरनं माझी नमुन्यांची पेटी टपावर टाकली आणि तिच्यावर कुणाचं तरी पेंडीचं पोतं आलं. उतरल्यावर पेटी उघडली तर डझनभर बांगड्यांचा चुरा. मी कपाळाला हात लावून म्हणालो, फुटल्या. शेजारी टोपलं घेऊन एक म्हातारी उभी होती. तिनं मला लहान पोराला दटावतात तसं दटावलं. "फुटल्या म्हनू न्हाई, बाबा. वाढवल्या म्हनावं." बांगड्या विकणाऱ्या पेढीचा मी माणूस, आणि हे मला सत्ताविसाव्या वर्षी एसटी थांब्यावर कळलं.

येताना रस्त्याच्या कडेनं दुष्काळी काम चाललं होतं. बायका उन्हात खडी फोडत होत्या. बहुतेकींनी मनगटाला चिंध्या बांधल्या होत्या. मला वाटलं, सगळ्यांनाच लागलंय की काय. गाडी जरा थांबली तेव्हा नीट पाहिलं. चिंधीच्या खाली दोन-दोन हिरव्या बांगड्या होत्या. हातोडीच्या दणक्यानं त्या जाऊ नयेत म्हणून हे बांधलेलं होतं. या बायकांनी दुकानात येऊन लाकडी हात बघावा, यासाठी मी हिंडत होतो.

बाजारात विकणारे फार आणि घेणारे थोडे होते. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. आमच्या यादीतलं दुकान म्हणजे लिंबाखाली पसरलेलं एक धोतर निघालं. बांगड्या दोरीत ओवून फांदीला टांगल्या होत्या. मी मापपट्टी काढली, पण मापायचं काय, तेच कळेना. शेवटी फांदीची उंची लिहून घेतली. तिथंच एका छकड्याचं जू दिसलं. त्याच्या दोन्ही टोकांना पोपट कोरलेले होते, आणि ते इतके जिवंत की आता उडतील असं वाटावं. गाडीवानाला विचारलं, हे कुणाचं काम? तो म्हणाला, काष्टीच्या म्हादू सुताराचं. मला तिथंच हायसं वाटलं. शेव-भेळ घेतली, ती गोड निघाली, तरी सगळी खाल्ली.

शिंगणापूर

शनिवारी जवळच्या शिंगणापूरला गेलो. इथल्या घरांना दारं नाहीत, हे ऐकून होतो. दुकानदाराला मी बांगड्यांच्या पेटीचा आराखडा दाखवला. काच, कडी आणि छोटं कुलूप. तो माणूस सज्जन होता, त्यानं चित्र खूप वेळ पाहिलं. मग कुलपावर बोट ठेवून म्हणाला, हे कशाला? मी कारण सांगायला लागलो आणि निम्म्यावरच माझं मलाच ते पटेनासं झालं. कुलूप खोडलं, तेल घेतलं, देवाला घातलं, पाया पडून निघालो.

काष्टी

रविवारी काष्टीला पोचलो. तात्या कासार साठीच्या पुढचे, किडकिडीत, आणि हात मात्र बाळंतिणीच्या हातासारखे मऊ. पेठेतलं त्यांचं दुकान म्हणजे एक गादी, चार लाकडी खोकी आणि भिंतीला देवाची तसबीर. मांडलेलं काहीही नाही. मी आराखडा उलगडला. सात पायऱ्यांची मांडणी, मागं आरसा आणि मधोमध हात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, बाई हितं बांगडी बघायला येत न्हाई," ते म्हणाले. "ती हात म्होरं करती. मी तिचा हात बघतो आन् हिला काय शोभंल ते काढतो. बघनारा मी हाय. तुमी तिला बघायला लावताय."

हे बोलणं मला बरोबर वाटलं आणि शेठजींचंही बरोबर वाटत होतं. दोन्ही एकदम बरोबर कसं असेल, ते मात्र लक्षात येईना. तात्यांनीच समजूत घातली की शेठ म्हणतात तर ठेवू एक हात, दुकानाचं त्यात काही बिघडत नाही.

म्हादू सुतार चाळिशीचा, अबोल माणूस. पाऊस नाही म्हणून औतं नाहीत, औतं नाहीत म्हणून त्याला काम नाही. माझं चित्र त्यानं पडवीच्या खांबाला टाचलं आणि मोडक्या चाकाचा बाभळीचा तुकडा घेतला. करंगळीपाशी थांबून त्यानं एवढंच विचारलं, हे बोट सरळ करू का? मी म्हटलं, चित्रात आहे तसंच कर. सोम, मंगळ, बुध असे तीन दिवस मी त्याच्या पडवीत बसून राहिलो. त्याची कारभारीण दुपारी हुलग्याच्या शेंगोळ्या वाढायची. पुण्यात हुलगे घोड्याला घालतात, असं मी एकदा बोलून गेलो. तिनं आणखी एक पळी वाढली. त्या शेंगोळ्यांची चव अजून जिभेवर आहे.

बुधवारी दुपारी हात तयार झाला. मी तो घेतला आणि उलटून पालटून पाहिला. ती माझ्या आईचीच बोटं होती. चित्र काढताना मला ती फक्त रेघ म्हणून दिसली होती. पण लगेच शनिवार आठवला, आणि मी नमुन्यातली अडीचची हिरवी बांगडी घेऊन हातात चढवायला लागलो.

ती चढेना. बोटांवरून गेली आणि अंगठ्याच्या बुडाशी अडली. जोर केला तर तडकली. दुसरी घेतली, तीही तडकली. म्हादूनं तेल लावून पाहिलं, त्याच्या बायकोनं साबण लावून पाहिला. पावणेतीनची घातली तर सरळ खाली कोपराकडं घसरून पडली. अडीचची बांगडी ज्या हातात सहज जायला हवी, त्या हातात ती जात नाही हे कसं, असं आम्ही तिघं विचार करत बसलो. शेवटी म्हादूची बायकोच म्हणाली, "आवं, जित्ता हात दाबला जातो. लाकूड कुठं दबतंय?"

तात्यांना बोलावलं. ते आले, मांडी घालून बसले आणि त्यांनी तो हात मांडीवर घेतला. सवयीनं त्यांनी चारी बोटं आपल्या मुठीत गोळा केली, अंगठा आत दुमडायला म्हणून त्याच्या बुडावर स्वतःचा अंगठा ठेवला आणि तसेच थांबले. पुन्हा चाचपलं.

"ह्या हाताला सव्वादोन लागत्याल," ते म्हणाले. "पन हिनं लई वर्सं बांगडी भरल्याली न्हाई."

मी विचारलं, हे कशावरून? त्यांनी अंगठ्याचं बूड दाखवलं. बांगडी भरून घेणाऱ्या बाईचा हात तिथं मऊ पडतो, वर्षानुवर्षं कासारानं दाबलेला असतो. हा आखडलेला होता. मी चित्रात तो आखडलेला काढला होता आणि म्हादूनं तसाच कोरला होता. दोघांनाही आपण काय करतोय ते ठाऊक नव्हतं.

"कुनाचा हाय?"

आधी मी पेढीचा नमुना आहे असं सांगितलं. मग त्यांच्याकडं बघून खोटं बोलवेना. आईचा, म्हणालो.  त्यांनी हात हळूच पाटावर ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, ह्यात मला भरता यायचं न्हाई. असल्या हातात माज्या बानं कवा भरल्या न्हाईत, म्या न्हाई. माफ करा."

मला राग आला. मी म्हटलं, तात्या, हे लाकूड आहे. ते म्हणाले, व्हय, लाकूडच हाय. मी म्हटलं, मग? ते म्हणाले, मग तुमी आईचाच कशाला काढला?  घरात दुसरा हात नव्हता, हे काही उत्तर नव्हे.

गुरुवारी म्हादूनं तोड काढली. चार पटाशा मारल्या की हात बारीक होईल, करंगळी सरळ होईल, अंगठ्याचं बूड उतरेल. बांगडीही जाईल, आणि मग तो कुणाचाच हात राहणार नाही. तात्यांचीही हरकत उरणार नाही. मला ते अगदी पटलं. माझी नोकरी वाचत होती. मी हो म्हणालो, आणि म्हादूनं पटाशी करंगळीवर ठेवली. तेवढ्यात मी त्याचं मनगट धरलं. का धरलं, ते मला त्याही वेळी सांगता आलं नसतं.  थोड्या वेळानं त्यानं करवत घेतली, अंगठा बुडापाशी अलगद कापला आणि त्याला लाकडी खुंटी बसवली. आता अंगठा काढता-घालता येऊ लागला. अंगठा काढून मी अडीचची बांगडी सरकवली, ती मनगटापर्यंत आली. अंगठा परत बसवला तशी तिथंच राहिली. कासाराची गरजच उरली नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. दुकान तात्यांचं, आणि त्यांना नको असलेला हात त्यांच्याच गादीशेजारी ठेवायचा कसा? बांगडी काढून ठेवली आणि हात पंच्यात गुंडाळला.

शुक्रवारी सकाळी तात्या स्वतःच पडवीत आले. त्यांनी मला विचारलं, वडील गेले तेव्हा मी केवढा होतो. चार वर्षांचा, मी सांगितलं. काही आठवतं का? मला एकच आठवतं. स्वयंपाकघरात खूप बायका होत्या, एकीनं आईचा हात जमिनीवर धरला होता, आणि मी पिठाच्या डब्यामागं लपलो होतो. आवाजही आठवतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तात्यांना सांगून टाकलं.

 तात्या म्हणाले, "त्या दिवशी कासाराला बोलवीत न्हाईत. आमी फकस्त घालायला. चाळीस वर्सांत म्या कुनाच्या हातातली एक बांगडी काढल्याली न्हाई." मग त्यांनी पंच्याकडं बघितलं. "रातभर इचार केला. बाईला मनाई हाय, ती कुनी केली मला ठावं न्हाई. बाभळीला कुनी केल्याली न्हाई. आना हिकडं."

त्यांनी पाट मागितला, पाणी मागितलं, साबण मागितला. लाकडाला साबण कशाला, हे कुणी विचारलं नाही. अंगठा म्हादूनं काढला, तरीही तात्या प्रत्येक बांगडीला ती चार बोटं मुठीत घेऊन दाबत होते. नमुन्यातल्या अडीचच्या हिरव्या बांगड्या त्यांना पसंत नव्हत्या. "सैल हायत. सव्वादोन पायजेल," असं दर बांगडीला म्हणायचे. मी म्हणायचो, तात्या, पेढीचा नमुना अडीचचाच आहे. सहा बांगड्या भरून झाल्या, म्हादूनं अंगठा बसवला. मग तात्या तसेच बसून राहिले, कशाची तरी वाट बघत. म्हादूची बायको मला हळूच म्हणाली, भरून झाल्यावर कासाराच्या पाया पडायचं असतं. तिथं पडणार कोण? मी उठलो आणि पडलो.

शनिवारी बाजार भरला. हात तात्यांच्या गादीशेजारी, म्हादूनं माझ्या आराखड्यावरून ठोकून दिलेल्या पायऱ्यांवर मधोमध उभा होता. बायका येत होत्या, त्याच्याकडं बघत होत्या आणि स्वतःचा हात पुढं करत होत्या. शेठजी दुपारच्या गाडीनं आले. दुकानासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा खुलला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, अगदी मनासारखं झालं. म्हादूला त्यांनी जवळ बोलावून घेतलं. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी पिशवीतून नव्या बांगड्या काढल्या. निळ्या, वर सोनेरी रेघ. पेढीचा दिवाळीचा माल होता. म्हणाले, "ह्या हिरव्या काढ आणि ह्या घाल. दर बाजाराला नवा नमुना दिसला पाहिजे, त्यासाठीच तर हात."

तात्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि समोर बघत राहिले. शेठजी माझ्याकडं वळले. काम दोन सेकंदांचं होतं. खुंटी ओढायची, अंगठा बाजूला, सहा बांगड्या बाहेर. फुटणारही नव्हत्या. गादीसमोर सात-आठ बायका बसल्या होत्या, त्या बोलायच्या थांबल्या. माझा हात अंगठ्यापर्यंत गेला. मला नोकरी हवी होती, फार हवी होती. आई आता पन्नाशीला आली, तिनं लोकांच्या घरी आणखी किती दिवस लाटायचं? हे सगळं त्या क्षणी डोक्यात होतं. आणि हात अंगठ्यावरून पुढं सरकेना.

"शेठजी, ह्या हातातल्या काढायच्या नाहीत," मी म्हणालो. "निळ्या बांगड्यांना दुसरा हात करून घेऊ."

"लाकडाचाच आहे ना?"

"हो."

"मग?"

 तेव्हा तात्या म्हणाले, "शेठ, म्या भरल्यात. माज्यासमोर त्या कुनी काढायच्या न्हाईत."

शेठजी कधी माझ्याकडं बघत होते, कधी तात्यांकडं, कधी त्या हाताकडं. दहा दिवस मी जसा गोंधळलो होतो तसे ते एका क्षणात गोंधळले. पण ते व्यापारी माणूस. जुन्या गिऱ्हाइकाशी वाद घालणार नव्हते. जरा वेळानं त्यांनी म्हादूला विचारलं, हात राहू दे, लाटण्यासारखे साधे दांडे करशील का? बांगड्या घालायला सोपे, काढायला सोपे. म्हादू म्हणाला, करीन की. सात दुकानांचे दांडे त्याला मिळाले. पोपट कोरणारा तो माणूस आता दांडे तासणार, पण चूल पेटती राहील म्हणून त्याला वाईट वाटत नाही. तसं तो म्हणाला तरी. माझं कायम होण्याचं शेठजी दिवाळीनंतर बघणार आहेत. निघताना हाताकडं बोट दाखवून ते मला म्हणाले, "हे तू घेऊन जा. दुकानाच्या उपयोगाचं नाही."

घरी

आईसाठी हात आणलाय, असं कसं सांगायचं, ते मला सुचेना. पंच्यात गुंडाळलेला तसाच ओट्यावर ठेवला आणि पाय धुवायला गेलो. परत आलो तर तिनं तो उघडला होता. ती पाटावर बसली होती आणि तिनं स्वतःचा डावा हात त्याच्या शेजारी ठेवला होता.

"करंगळी अशी वाकडी दाखवायची काय गरज होती?" ती म्हणाली.

 मला वाटलं, ती रडेल किंवा रागावेल, हे असलं घरात कशाला आणलंस म्हणेल. मी तिला तात्यांचं सांगितलं, सगळं नाही, पण बरंच सांगितलं. कासारानं स्वतः भरल्या, साबण लावून, एकेक दाबून, असं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग एका बोटानं वरची बांगडी हलवली, ती मनगटावर खुळखुळली. आमच्या घरात तो आवाज झाला आणि मला पिठाचा डबा आठवला. डोळे भरून आले ते मी पुसले नाहीत.

आई अजून बांगडीच हलवून बघत होती.

"सैल आहेत," ती म्हणाली. "मला सव्वादोनच्या लागायच्या."